औषध, हाडे आणि वाढते वय

प्रयोगशाळेतील सांगाडा पाहून हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू असावी, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात तुमच्या हाडांत या क्षणीही काम चालू आहे. अस्थिभक्षक पेशी जुने हाड पोखरतात आणि अस्थिजनक पेशी तेथे नवे रचतात. तुमच्या वयात पाडण्यापेक्षा बांधणे अधिक होते. शिवाय लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या चकत्यांमुळे त्यांची लांबीही वाढत असते.

आता याच वयात एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तर? १९४८ साली बॉस्टनच्या डॉ. सिडने फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने असा आजार काही काळ मागे हटतो, हे दाखवले. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही वापरतात. इतर औषधांच्या जोडीने ते दिल्यामुळे, मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियातून प्रगत देशांतील सुमारे ९० टक्के मुले बरी होतात.

मात्र याची किंमत हाडांना मोजावी लागते. मेथोट्रेक्सेट फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणते. त्यावाचून पेशीला नवे डीएनए बनवता येत नाही व तिचे विभाजन थांबते. कर्कपेशी भराभर विभागतात म्हणून मरतात. पण वाढत्या हाडातील पेशीही विभागतच असतात! सोबत दिलेली डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडे अस्थिजनक पेशींचे काम मंदावतात. हाड विरळ होते, सहज मोडते. काही मुलांत खुब्याच्या वा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तेवढा भाग मरतो. दहा वर्षांवरील मुलांत हा धोका अधिक असतो.

औषध सोडणे तर जिवावर बेतेल. मग उपाय कोणता?

प्रथम हाड मोजावे लागते. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून सोडतात. हाड आणि मांस ते निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. दोन मोजमापे, दोन अज्ञात राशी! तुमच्या बीजगणितातील एकसामयिक समीकरणेच ही. त्यांवरून हाडातील खनिजाचे प्रमाण काढता येते.

मग बांधकामाला माल पुरवायचा: आहारातून कॅल्शियम, आणि कमतरता असल्यास ‘ड’ जीवनसत्त्व. पण माल पुरेसा नाही. हाडावर भारही पडावा लागतो. अंतराळात वजन जाणवत नाही, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड दरमहा सुमारे १ टक्का झिजते. महिनोन्‌महिने खाटेवर पडलेल्या मुलाचेही असेच नुकसान होते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला चालवतात, बेताचा व्यायाम देतात.

औषधाचे वेळापत्रकही बदलता येते. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन सलग २१ दिवस न देता मध्ये एक आठवडा विश्रांती दिली, तेव्हा दहा वर्षांवरील मुलांत हाड मरण्याचे प्रमाण घटले. मणके पिचू लागले तर बिस्फॉस्फोनेट देतात. ते हाडाला चिकटून अस्थिभक्षक पेशींना आवरते. खुब्याचा सांधाच खचला तर मात्र कृत्रिम सांधा बसवावा लागतो.

दिलासा असा की, उपचार संपल्यावर अनेक मुलांची हाडे पुन्हा भरून येतात, कारण वाढीचे वय अजून हाती असते. तेव्हा असा एखादा मित्र वर्गात परतला आणि “खुबा दुखतो” म्हणाला, तर ती सबब समजू नका. त्याने लगेच डॉक्टरांना सांगावे, असा आग्रह धरा. आणि त्याला झेपेल तेवढे त्याच्याबरोबर चाला.