छायाप्रतींच्या दप्तराचें रक्षण व पुनर्लाभ
(गोंदिया जिल्ह्यांतील एका घरगुती सर्व्हरच्या अनुभवावरून)

(१) जुन्या कागदांच्या शत्रूंची गणना करूं लागल्यास वाळवी, ओल, उंदीर आणि वारसांची उपेक्षा हीं चार नांवें प्रथम येतात. कागदांच्या छायाप्रती घेऊन त्या संगणकांत ठेविल्या म्हणजे या चौघांपासून सुटका झाली, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. हा समज अपुरा आहे. त्याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास आला; तो संशोधक बंधूंच्या उपयोगीं पडावा म्हणून येथें नमूद करीत आहों.

(२) गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. हा मुलूख पूर्वीं मध्यप्रांतांत असून तेथें मालगुजारीची पद्धत होती. सन १९५० च्या कायद्यानें ती रद्द झाली व ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले. त्या काळचे तलाव मात्र 'माजी मालगुजारी तलाव' या नांवानें अद्यापि ओळखले जातात. तलावाचें पाणी कोणीं कोणत्या क्रमानें घ्यावें, मासे कोणाचे, गांवकऱ्यांचा निस्तार कोठवर, ही वहिवाट बंदोबस्ताच्या वेळीं वाजिब-उल-अर्ज नांवाच्या कागदांत लिहिली जाई. गांवचा इतिहास पाहणारास तर हा कागद मोलाचा आहेच. पण पाण्याचा तंटा निघाला असतां गांवकरीही तो शोधीत येतात. आमगांव, सालेकसा व अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील कांहीं घराण्यांच्या परवानगीनें अशा कागदांच्या कांहीं हजार छायाप्रती घेऊन आम्हीं मूळ कागद ज्याचे त्यास परत केले. पुढें एका घरीं एक संबंध रुमाल वाळवीनें खाल्ला. त्या दिवसापासून आमच्याजवळची छायाप्रत ही प्रत न राहतां तीच अस्सल झाली. रक्षणाचा विचार येथून सुरू झाला.

(३) एकाच वस्तूचे भाग करून ते निरनिराळ्या ठिकाणीं ठेवणें आणि एकाच वस्तूच्या नकला निरनिराळ्या ठिकाणीं ठेवणें, या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत. ताम्रपटाचे पत्रे कडींत ओवलेले असतात. एक पत्रा गेला कीं दानाचा आशय खंडित होतो. वाकाटकांचा 'दुर्ग ताम्रपट' म्हणून ओळखला जाणारा अपुरा ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यांतील पद्मपूर म्हणजे आमगांवाजवळील पदमपूर, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. परंतु दान काय दिलें व कोणास दिलें, हें त्या पटावरून कळत नाहीं. याच्या उलट उदाहरण लीळाचरित्राचें. चौदाव्या शतकाच्या आरंभींच्या स्वारीच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली व शिष्यांनीं आपापल्या स्मरणांतून ती पुन्हा सिद्ध केली, असें महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ अनेकांच्या कंठीं होता म्हणून वांचला.

(४) संगणकाच्या डिस्कांसही हाच न्याय लागू पडतो. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या बर्कले येथील तिघा विद्वानांनीं सन १९८८ सालीं एक निबंध प्रसिद्ध करून स्वस्त डिस्कांचा समूह जोडून त्यांत जादा मजकूर ठेवण्याच्या पद्धतींचें वर्गीकरण केलें. तीच आज 'रेड' या नांवानें रूढ आहे. हिचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे दोन डिस्कांवर तोच मजकूर अक्षरशः लिहिणें. यांत अर्धी जागा खर्चीं पडते. दुसरा प्रकार अधिक कुशल आहे. संगणकाचा सर्व मजकूर शून्य व एक या दोन अंकांचा असतो. पहिल्या डिस्कवर १ व दुसरीवर ० असेल, तर तिसरीवर १ लिहावा. दोहोंवर १ असेल, तर तिसरीवर ० लिहावा. अर्थात् तिन्ही मिळून १ ची संख्या सदैव सम राहते. आतां दुसरी डिस्क नष्ट झाली, पहिलीवर १ आणि तिसरीवर ० आहे असें समजा. सम संख्या होण्यास हरवलेला अंक १ च असला पाहिजे. हा ताळ्याचा अंक एकाच डिस्कवर न ठेवतां पाळीपाळीनें सर्वांवर ठेवितात. यास पांचवा प्रकार म्हणतात. ४ टेराबाईटच्या तीन डिस्कांत यायोगें ८ टेराबाईट मजकूर मावतो व कोणतीही एक गेली तरी चालते. सहाव्या प्रकारांत तशाच चार डिस्कांत ८ टेराबाईटच मावतो, परंतु कोणत्याही दोन गेल्या तरी मजकूर शाबूत राहतो.

(५) आम्हीं लिनक्सवर पांचव्या प्रकारची मांडणी केली. मांडणीचें काम अवघड नाहीं. 'एमडीएडीएम' नांवाचें साधन तें करतें व प्रत्येक डिस्कवर समूहाचें एक नामपत्र लिहितें. त्या नामपत्रांत डिस्कचें स्थान कितवें आणि समूहांत आजवर किती घडामोडी नोंदल्या गेल्या, याचा आंकडा असतो. आमची चूक निराळीच झाली. डिस्कवर छापलेला अनुक्रमांक आणि पेटींतील तिची जागा यांचें टांचण आम्हीं केलें नाहीं.

(६) एका पावसाळ्यांत विजेच्या गडगडाटानंतर समूहांतील दुसरी डिस्क बंद पडली. समूह उरलेल्या दोहोंवर चालूच होता. घाई करण्याचें कांहींएक कारण नव्हतें. तथापि नवी डिस्क बसविण्याच्या उतावळेपणांत आम्हीं दुसरीच्या ऐवजीं तिसरी, म्हणजे धडधाकट डिस्क, बाहेर ओढली. तत्क्षणीं समूह कोलमडला. यंत्राचा दोष एक होता. दुसरा आमच्या हातचा.

(७) अशा प्रसंगीं मनुष्य घाबरून समूह 'नव्यानें निर्माण' करण्याची आज्ञा देतो. ती सर्वथा टाळावी. तिनें जुनें नामपत्र पुसलें जातें व क्रम चुकल्यास मजकुराचा घोटाळा होतो. आम्हीं पुढील क्रम धरिला. प्रथम सर्व लेखन थांबविलें. नंतर प्रत्येक डिस्कचें नामपत्र केवळ वाचून उतरून घेतलें. पहिली व तिसरी यांच्या घडामोडींच्या आंकड्यांत अत्यल्प फरक होता. दुसरी तर वाचतांच येत नव्हती. मग 'डीडीरेस्क्यू' या साधनानें पहिलीची व तिसरीची नक्कल कोऱ्या डिस्कांवर घेतली आणि अस्सल दोन्ही कपाटांत ठेविल्या. जीर्ण पोथीवर प्रयोग न करतां तिच्या नकलेवर करावे, हा नियम येथेंही खरा. नंतर त्या नकला बळजोरीनें जोडण्याची आज्ञा दिली, समूह केवळ वाचनासाठीं उघडला आणि सर्व छायाप्रती प्रथम निराळ्या डिस्कवर उतरविल्या. इतकें झाल्यावरच नवी डिस्क घालून ताळ्याच्या अंकांवरून तिसरा हिस्सा पुन्हा भरून काढला. सेकंदास दीडशें मेगाबाईट या गतीनें ४ टेराबाईट भरण्यास सुमारें साडेसात तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या डिस्कांवर सारा भार असतो व आणखी एक गेल्यास सर्वच जातें. म्हणून उतरवून घेणें आधीं, भरणें मागाहून.

(८) पहिलीच्या कांहीं जागा मुळींच वाचतां आल्या नाहींत. कोणत्या छायाप्रती बिघडल्या हें कसें कळावें? दोन पोथ्यांत पाठभेद पडला तर केवळ दोहोंवरून खरा पाठ ठरत नाहीं, हें वाचकांस सांगणें नको. ज्ञानेश्वरीच्या शुद्धीसाठीं एकनाथांनीं शके १५०६ मध्यें अनेक प्रती ताडून पाहिल्या, त्या याचसाठीं. ताळ्याचा अंकही कांहीं चुकलें आहे इतकेंच सांगतो, कोण चुकलें हें सांगत नाहीं. सुदैवानें छायाप्रती घेतांना प्रत्येकीचा पडताळा-अंक काढून ती यादी आम्हीं छापून ठेविली होती. तीवरून दोन पानें बिघडल्याचें निश्चित झालें. एक पान नागपुरास एका स्नेह्याकडे पाठविलेल्या प्रतींत मिळालें. दुसरें त्याच वाळवी लागलेल्या रुमालांतील होतें. तें कोठेंही नाहीं. त्यांत एका तलावाच्या पाटाच्या पाळ्या लिहिल्या होत्या. त्या आतां केवळ वृद्धांच्या तोंडून लिहून घेणें उरलें आहे.

(९) यावरून निष्कर्ष असा. समूह हा डिस्क बिघडल्यास काम चालू ठेवण्याचा उपाय आहे. तो दप्तराची प्रत नव्हे. चुकून पुसलेलें पान तो तितक्याच तत्परतेनें सर्व डिस्कांवरून पुसतो. आग, चोरी व वीज यांस तर सर्व डिस्का एकाच पेटींत सांपडतात. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक परगांवीं, हा नियम पाळावा. डिस्का एकाच खेपेंतील घेऊं नयेत. प्रत्येकीवर अनुक्रमांकाची चिठ्ठी चिकटवावी. वीज गेली असतां यंत्र नीट बंद होईल इतकी बॅटरी जोडावी. दरमहा सर्व मजकूर एकदां वाचवून ताळा पाहावा. आणि वर्षांतून एकदां परगांवच्या प्रतींतून एखादें पान खरोखर उघडून पाहावें. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत आहे असें धरूं नये.

(१०) आज आमच्याकडे चार डिस्कांचा सहावा प्रकार आहे व एक प्रत नागपुरास असते. तथापि गेलेलें पान गेलें. ज्यांच्या घरीं असे रुमाल अद्यापि आहेत त्यांनीं ते छायाप्रत झाली म्हणून टाकून देऊं नयेत, इतकी विनंति करून हा लेख पुरा करितों.