बारामती-इंदापूर : आर्या, रिंगण आणि क्रिकेट

मोरोपंत (1729-1794) : मूळ नाव मोरेश्वर रामजी पराडकर. जन्म पन्हाळ्याचा, पण काव्य फुलले बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला पुराणिक म्हणून. ‘आर्याभारता’त त्यांनी अख्खे महाभारत आर्या वृत्तात आणले. परंपरेने त्यांच्या नावावर 108 रामायणे आहेत. ‘निरोष्ठ रामायणा’त प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरे कटाक्षाने टाळली आहेत. देवाला आर्त हाक घालणारी ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे. देहही त्यांनी बारामतीतच ठेवला.

तुकोबांची पालखी : आषाढी वारीत बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम पडतात. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते.

भक्तीतला खेळ : बेलवाडी आणि इंदापूर येथे गोल रिंगण होते. अश्व धावतात, पताकाधारी, तुळशीवाल्या महिला आणि विणेकरीही धाव घेतात. फुगड्या रंगतात, त्यात वयाचा हिशेब नसतो.

नीरा स्नान : सराटीत पादुकांना नीरेचे स्नान घालून पालखी अकलूजकडे, सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते.

क्रिकेटचा कारभार : 12 डिसेंबर 1940 रोजी बारामतीत जन्मलेले शरद पवार 2005 ते 2008 भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे आणि 2010 ते 2012 आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते.

वारीच्या दिवसांत बारामती-इंदापूरच्या वाटेने जाल, तर बेलवाडीचे रिंगण चुकवू नका.