घरगुती सबवूफरच्या डब्यातून 'फुस्स' आवाज येतोय? वूफर बदलण्याआधी पाइप मोजा

यवतमाळ शहर असो की पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णी. वूफर बाजारातून आणायचा आणि डबा घरीच ठोकायचा, हा शौक आपल्या मोहल्ल्यांतल्या पोरांना चांगलाच आहे. कोणी सुताराकडून उरलेला प्लाय आणतो, कोणी प्लंबरकडून पाइपचा तुकडा. डबा तयार होतो, बेसही जोरदार लागतो. पण आवाज जरा वाढवला की प्रत्येक ठोक्याबरोबर 'फुस्स, फुस्स' ऐकू येतं. मग कोणीतरी सांगतो, "वूफर फाटला, नवा घे." अब्बूंच्या खिशातून पुन्हा पैसे जातात, नवा वूफर बसतो आणि फुस्स मात्र तसाच राहतो.

कारण अनेकदा बिघाड वूफरमध्ये नसतोच. तो डब्याला बसवलेल्या पाइपमध्ये, म्हणजे पोर्टमध्ये असतो. तो कसा ओळखायचा आणि कमी खर्चात कसा घालवायचा, ते आम्ही इथे सांगत आहोत.

पाइपचं काम काय?

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की 'हूं' असा एकच सूर निघतो. बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी दबते-फुगते आणि मानेतली हवा पुढे-मागे हलते. सबवूफरचा डबा म्हणजे अशीच मोठी बाटली. वूफरचा कोन मागे गेला की आतली हवा दबते आणि पाइपमधली हवा जोरात बाहेर येते. ठरावीक सुरावर ही हवा सगळ्यात जास्त हलते. त्यालाच डब्याचं ट्यूनिंग म्हणतात. त्या सुरावर कोन जवळजवळ थांबलेला दिसतो आणि बहुतेक बेस पाइपच देतो.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे अल्बर्ट थुरास यांना अशा डब्याचं पेटंट 1932 मध्ये मिळालं. पुढे 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी डब्याचं गणित नीट मांडलं. चांगल्या वूफरच्या कागदावर जे 'थील-स्मॉल' आकडे असतात, ते या दोघांच्या नावाचे.

आधी खात्री करून घ्या

पैसे खर्च करण्याआधी या चार तपासण्या करा:

1. आवाज कमी ठेवून बेस लावा आणि पाइपच्या तोंडात टॉवेलचा घट्ट बोळा बसवा. फुस्स गेला तर दोष पाइपचा. बेस कमी होईल, पण ही फक्त तपासणी आहे.

2. डब्याच्या सांध्यांजवळ, वूफरच्या कडेला आणि मागच्या वायरच्या टर्मिनलपाशी पेटलेली अगरबत्ती थोड्या अंतरावरून फिरवा. धूर एखाद्या जागी झटके देत असेल तर तिथून हवा गळते. अशा फटीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. फेविकॉल किंवा सिलिकॉनने ती फट बंद करा.

3. अँप्लिफायर बंद करा. दोन्ही हातांची बोटं कोनाच्या दोन बाजूंना ठेवून तो हलकेच आत दाबा. आत खरखर लागली तर कॉइल घासते आहे. हा दोष खरोखर वूफरचा, पाइपशी त्याचा संबंध नाही.

4. आत लोंबकळणारी वायर कोनाला लागत नाही ना, तेही बघा.

फुस्स येतो कुठून?

हवा पाइपमधून सावकाश ये-जा करते तोवर काही ऐकू येत नाही. वेग वाढला की पाइपच्या धारदार कडेवर हवेचे भोवरे तयार होतात आणि तोच फुस्स. खिडकीच्या बारीक फटीतून वारा घुसताना जसा आवाज होतो, तसंच हे. साधा अंदाज असा, की हवेचा वेग सेकंदाला 17 मीटरच्या आत ठेवावा. म्हणजे ताशी साधारण 60 किलोमीटर, हायवेवरच्या मोटारसायकलचा वेग!

एक उदाहरण घेऊ. डबा आतून 50 लिटरचा, ट्यूनिंग 35 हर्ट्झ आणि पाइप प्लंबरकडचा 75 मिलिमीटरचा. हे माप बाहेरचं असतं, आतून तो साधारण 7 सेंटिमीटर भरतो. एका मीटरवर 100 डेसिबल आवाज 35 हर्ट्झवर काढायचा तर या पाइपमध्ये हवा जवळपास 17 मीटरच्या वेगाला पोहोचते. आवाज आणखी 6 डेसिबलने वाढवला की वेग दुप्पट. म्हणूनच हळू आवाजात डबा शहाण्यासारखा वाजतो आणि आवाज वाढवला की फुसफुसायला लागतो.

उपाय: स्वस्तापासून सुरुवात

बेस बूस्ट कमी करा. अँप्लिफायरचा बेस बूस्ट, मोबाइलचं इक्वलायझर आणि गाण्यातला बेस असं तिप्पट ओझं पाइपवर पडतं. आधी दोन्ही बूस्ट शून्यावर आणा. अँप्लिफायरवर 'सबसॉनिक' फिल्टर असेल तर तो ट्यूनिंगच्या थोडा खाली लावा. ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना डबा कोनाला आधार देत नाही. तिथे कोन नुसता उड्या मारतो आणि हवा वाया जाते.

कडा गोल करा. आरीने कापलेल्या पाइपची कड धारदार असते. कानशीने आणि पॉलिश पेपरने ती गोल करा. प्लायमधल्या भोकाचीही कड गोल करा. कमी पडलं तर एम-सील किंवा लाकडाची लांबी भरून कर्ण्यासारखा आकार द्या. बाहेरचंच तोंड गोल करून थांबू नका. हवा आतही तेवढ्याच जोरात जाते, त्यामुळे आतलं तोंडही गोल हवं. पाइप गरम करून तोंड फुलवायचं असेल तर हीट गनवाल्याकडून करून घ्या. पीव्हीसी गॅसच्या ज्वाळेवर धरू नका, त्याचा धूर विषारी असतो.

तोंडासमोर जागा सोडा. पाइपच्या आतल्या टोकापासून डब्याची भिंत किमान पाइपच्या व्यासाएवढी लांब हवी. पाइप मागच्या बाजूला असेल तर खोलीच्या भिंतीपासून डबा तेवढा तरी पुढे ओढा. पाइप मागे असला की उरलासुरला फुस्सही कानाला कमी लागतो.

स्पंज कोंबू नका. पाइपमध्ये कपडा किंवा स्पंज भरला की फुस्स दबतो, पण हवा अडते आणि बेसही जातो. कापसाचंही तेच. आपला जिल्हा कापसाचा, त्यामुळे गादीवाल्याकडची रुई डब्यात भरायचा मोह होतो. पाइपवाल्या डब्यात फक्त भिंतींना पातळ थर चिकटवा. पाइपच्या आतल्या तोंडाजवळ सुटी रुई ठेवू नका.

पाइप मोठा करताना मोठी चूक टाळा

एवढं करूनही फुस्स राहिला तर पाइपच लहान आहे. 75 चा काढून 110 मिलिमीटरचा पाइप घाला. तो आतून साधारण 10.4 सेंटिमीटर असतो. तोंडाचं क्षेत्रफळ 38 वरून 85 चौरस सेंटिमीटर होतं आणि हवेचा वेग निम्म्याहून खाली येतो.

पण इथेच पुष्कळ जण फसतात. जुना पाइप 14 सेंटिमीटर लांब होता म्हणून नवाही तेवढाच कापतात. पाइप जाड झाला की ट्यूनिंग वर सरकतं. आपल्या उदाहरणात ते 35 वरून जवळपास 49 हर्ट्झवर जाईल. फुस्स जाईल, पण खोल बेसही जाईल आणि सगळी गाणी एकाच सुरात घुमतील. ट्यूनिंग तेच ठेवायचं तर जाड पाइप लांबही करावा लागतो.

लांबी काढायची रीत अशी. सगळी मापं सेंटिमीटर, लिटर आणि हर्ट्झमध्ये घ्या.

- पाइपच्या आतल्या व्यासाचा वर्ग करा आणि त्याला 23,563 ने गुणा.
- ट्यूनिंगचा वर्ग करा आणि त्याला डब्याच्या लिटरने गुणा.
- पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा.
- उत्तरातून व्यासाच्या 0.73 पट वजा करा. उरते ती लांबी.

आपल्या डब्यासाठी 7 सेंटिमीटरच्या पाइपची लांबी येते साधारण 14 सेंटिमीटर आणि 10.4 च्या पाइपची साधारण 34. हा पाइप डब्यातली 3 लिटरच्या वर जागा खातो, तीही लिटरमधून वजा धरा. पाइप सरळ मावत नसेल तर बेंड लावा आणि लांबी मधल्या रेषेवरून मोजा. मात्र प्लंबिंगच्या जोडात आतून पायरी राहते, ती घासून सपाट करा. नाही तर नवा आवाज तिथूनच सुरू होईल. जुन्या मापाचे दोन पाइप लावले तरी चालतं, पण मग प्रत्येक पाइप सुमारे 33 सेंटिमीटर लांब लागेल.

ट्यूनिंग माहीत नाही? मोबाइलवर टोन जनरेटर घ्या. हळू आवाजात 60 हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या. ज्या आकड्यावर कोन सगळ्यात कमी हलतो आणि पाइपसमोर धरलेल्या हाताला हवा जोरात लागते, तेच तुमच्या डब्याचं ट्यूनिंग. नवा पाइप पक्का चिकटवण्याआधी हीच तपासणी पुन्हा करा. पाइप आधी थोडा लांबच कापा. लांब पाइप कापता येतो, आखूड झालेला वाढवता येत नाही.

लांब पाइपचा एक दोष आहे. तो बासरीसारखा स्वतःचाही एक सूर धरतो आणि माणसांचे आवाज त्यातून पोकळ ऐकू येतात. अँप्लिफायरचा लो-पास फिल्टर 80 हर्ट्झच्या आसपास ठेवला की हा त्रास बहुतेक जातो.

डब्याच्या लाकडाबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडे सागवान चांगलं मिळतं, पण अख्ख्या लाकडाच्या फळ्या उन्हाळ्यात आकसतात, पावसाळ्यात फुगतात आणि सांधे उघडतात. डब्यासाठी 18 मिलिमीटरचा प्लाय किंवा एमडीएफ बरा. एमडीएफच्या कापलेल्या कडांना रंग किंवा सीलर मारा, नाही तर पावसाळ्याच्या ओलीत त्या फुगतात. कापताना तोंडाला मास्क बांधा.

आवाज भिंतीपलीकडेही जातो

फुस्स गेला की डबा आणखी मोठ्याने वाजवावासा वाटतो. पण 35 हर्ट्झची लाट जवळपास 10 मीटर लांब असते. विटांची भिंत तिला फारशी अडवत नाही. शेजारी आजारी बुजुर्ग असतील, तान्हं बाळ असेल, दहावी-बारावीची मुलं अभ्यासाला बसली असतील. गाणं त्यांना ऐकू येत नाही, फक्त धडधड पोहोचते. कायदाही हेच बघतो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. घरच्या साउंड सिस्टीमचा आवाज घराच्या हद्दीवर त्यापेक्षा 5 डेसिबलहून जास्त नको. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6.

घरात पोरगा वूफर बदलायला पैसे मागत असेल तर आधी त्याच्या हातात टेप आणि अगरबत्ती द्या. चार तपासण्या होऊ द्या, लांबीचा हिशोब त्याने कागदावर मांडू द्या. दोष पाइपचा निघाला तर पाइपच्या एका तुकड्यात काम होईल. आणि हे गणित ज्याला एकदा जमलं, तो उद्या दुसऱ्यांचे डबेही नीट करून देऊ शकेल.