स्किझोफ्रेनियाचं औषध आणि रक्ताची साक्ष

स्किझोफ्रेनियाचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'या गोळ्यांनी फरक पडेल ना?' नेमकं उत्तर डॉक्टरांकडेही नसतं. एक औषध पुरेशा मात्रेत साधारण सहा आठवडे द्यायचं, उतार पडला नाही तर दुसरं. दोन्हींनी गुण आला नाही, तर आजार औषधांना दाद देत नाही असं धरलं जातं. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या वाट्याला हे येतं. तोवर कानातले आवाज थांबत नाहीत, हातची नोकरी जाते, घरातल्या सगळ्यांचीच झोप उडते. विरारजवळच्या बोळिंजहून ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचं तर रिक्षाने विरार स्टेशन, लोकलने दादर आणि तिथून मध्य रेल्वेने ठाणे. संशयाने घाबरलेल्या माणसाला त्या गर्दीतून सांभाळून नेणं किती कठीण, हे नेणाऱ्यालाच ठाऊक.

औषध कुणाला लागू पडेल हे आधीच कळलं, तर ही फरफट कितीतरी कमी होईल. म्हणून संशोधक रक्तातल्या प्रथिनांकडे वळले. आजार मेंदूचा, मग तपासणी रक्ताची का? दाह, इन्सुलिन, संप्रेरकं यांच्याशी संबंधित अनेक प्रथिनांचं प्रमाण या रुग्णांत बदललेलं आढळतं. केंब्रिजच्या साबिने बान आणि सहकाऱ्यांनी ७७ रुग्णांचा २५ महिने पाठपुरावा केला. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की रक्तातल्या काही घटकांच्या प्रमाणावरून पहिल्या सहा आठवड्यांतल्या सुधारणेचा अंदाज बांधता येतो.

पण ७७ हा आकडा लहान आहे; मोठ्या गटात पडताळल्याशिवाय अशा निष्कर्षावर विसंबता येत नाही. अमेरिकेत २०१० मध्ये रक्तातले ५१ घटक मोजणारी एक निदान-चाचणी बाजारात आली होती, तीही टिकली नाही. आकड्यांची ही शिस्त डॉ. जगन्नाथ वाणींना चांगली ठाऊक होती. ते कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या अनुभवातून त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली, याच आजारावरच्या २००४ च्या 'देवराई' चित्रपटालाही पाठबळ दिलं. आशा आणि पुरावा, दोन्ही धरून चालणारी अशी माणसं या क्षेत्राला फार हवीत.

रक्ताची एक साक्ष मात्र आजही उपलब्ध आहे, ती क्लोझापिन या औषधाच्या बाबतीत, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही याचं वाईट वाटतं. दोन औषधं निष्फळ ठरल्यावर क्लोझापिन देतात. १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन केन यांच्या अभ्यासात, इतर औषधांनी न सुधारलेल्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांना सहा आठवड्यांत त्याचा गुण आला. क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधाचा गुण ४ टक्क्यांनाच. धोकाही खरा आहे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिनमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून आठ रुग्ण दगावले. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात.

क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला तर दुहेरी काळजी घ्यावी लागते. पेशी घटल्या असतील, ही एक शक्यता. दुसरी अशी, की संसर्गात यकृत 'सीआरपी' हे प्रथिन भराभर तयार करतं आणि त्याच सुमारास क्लोझापिनचा निचरा करणारं विकर (एन्झाइम) मंदावतं. रोजच्याच गोळीने रक्तातली पातळी चढते, रुग्णाला गुंगी येते, तोल जातो. घरच्यांना वाटतं, तापाची ग्लानी आहे. अशा वेळी डॉक्टरांना लगेच फोन करून पेशी, सीआरपी आणि शक्य असेल तर क्लोझापिनची पातळी तपासून घ्यावी.

बिडी-सिगारेटचं गणित उलटं आहे. धुरामुळे तेच विकर जोमाने काम करतं आणि औषध लवकर निघून जातं. तंबाखू मळून खाल्ल्याने तसं होत नाही. रुग्णालयात बिडी बंद होते, पातळी वाढते. घरी परतल्यावर बिडी पुन्हा सुरू झाली की पातळी उतरते, आवाज परत येतात आणि घरच्यांना वाटतं, औषधच लागू पडेना. दिवसाला किती बिड्या, कधीपासून बंद, कधी पुन्हा सुरू, हे गोळ्यांच्या वेळांइतकंच काटेकोरपणे डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.