सिली (इंग्रजी विशेषण)

सिली हे इंग्रजी भाषेतील एक विशेषण असून त्याचा आजचा अर्थ 'मूर्ख' किंवा 'पोरकट' असा आहे. मात्र या शब्दाचा मूळ अर्थ 'सुखी, भाग्यवान, धन्य' असा होता. ऐतिहासिक भाषाविज्ञानात अर्थापकर्षाचे ठळक उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

व्युत्पत्ती

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचे रूप 'येसॅलिय' असे होते. ते 'सुख' व 'योग्य वेळ' या अर्थांच्या 'सॅल' या नामापासून साधले आहे. प्राचीन उच्च जर्मन व प्राचीन सॅक्सन भाषांत 'सालिग', तर प्राचीन नॉर्समध्ये 'सॅल' ही सजातीय रूपे आढळतात. चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात 'सेल्स' हा शब्द 'चांगला' या अर्थाने येतो. गॉथिकमधील दीर्घ 'ए'च्या जागी प्राचीन उच्च जर्मनमध्ये 'आ' आणि प्राचीन इंग्रजीत 'ॲ' हा स्वर नियमितपणे आढळतो. अशा स्वरसंवादांच्या आधारे अभ्यासकांनी *सेलीगाझ हे आदिजर्मानिक रूप पुनर्रचित केले आहे. हे रूप कोणत्याही लेखात आढळत नसल्याने त्यापूर्वी तारकाचिन्ह लिहितात.

अर्थपरिवर्तन

मध्ययुगीन इंग्रजीत आरंभीचा उपसर्ग लोपला व 'सीली' हे रूप रूढ झाले. पुढे १५ व्या शतकाच्या सुमारास स्वर ऱ्हस्व होऊन 'सिली' हे रूप पुढे आले. धन्य व्यक्ती ती निष्पाप, निष्पाप ती निराधार व दयेस पात्र, अशा क्रमाने अर्थ सरकत गेला. त्यातून 'दुबळा', 'साधाभोळा' आणि १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात 'मूर्ख' हा अर्थ आला. हे अर्थ काही काळ एकत्र नांदत असल्याने शेक्सपिअरकालीन साहित्यात 'सिली' म्हणजे प्रत्येक वेळी 'मूर्ख' असे समजल्यास वाक्याचा आशय चुकतो. मराठीतील 'भोळा' या शब्दातही निष्कपटपणा व सहज फसण्याची वृत्ती या दोन्ही छटा आहेत.

इतर भाषांतील स्थिती

जर्मन 'झेलिश' व डच 'झालिख' या शब्दांनी 'धन्य' हा जुना अर्थ टिकवला आहे. जर्मनमध्ये मृत व्यक्तीचा आदराने उल्लेख करतानाही, मराठीतील 'कैलासवासी'प्रमाणे, हा शब्द वापरतात. 'आत्मा' या अर्थाच्या 'झेले' या जर्मन शब्दाशी त्याचे उच्चारसाम्य असले तरी दोहोंची मुळे भिन्न आहेत. 'झेले'चा सजातीय गॉथिक शब्द 'सैवला' असून इंग्रजी 'सोल' त्याच कुळातील आहे.