घरच्या दिव्यास दुकानाचा दर

एखाद्या गृहस्थानें आयुष्याची शिल्लक खर्चून जुन्या इमारतींत दोन खोल्यांची जागा घ्यावी, कुटुंबासह तेथें राहावयास जावें, आणि दरमहा येणारें विजेचें बिल निमूटपणें भरीत असावें. शेजाऱ्यापेक्षां आपलें बिल इतकें अधिक कां, हें कोडें कांहीं उलगडत नाहीं. गृहिणी मुलांना दिवे मालवण्याची शिस्त लावते, आजोबांचा पंखा दुपारीं बंद होतो, तरी आंकडा खालीं येत नाहीं. मग एके दिवशीं कोणी तरी बिलाचा कागद निरखून पाहतो, तों त्यावर निवासी वर्गाऐवजीं व्यापारी वर्ग छापलेला! पूर्वीं त्या जागेंत कोणाची तरी कचेरी होती. माणसें गेलीं, दारावरची पाटी उतरली; मीटर मात्र अजून कचेरींतच राहिला.

महाराष्ट्रांतील शहरांत असें घडण्याचीं कारणें साधीं असतात. जागेचा खरेदीदार बिलावरील नांव बदलून घेतो. परंतु नांव बदलणें निराळें आणि दराचा वर्ग बदलणें निराळें, हें त्यास कोणी सांगत नाहीं. कधीं बांधकामासाठीं घेतलेली जोडणी घर पूर्ण झाल्यावरही तशीच चालू राहते. कधीं केवळ लेखनिकाच्या हातून चुकीचा संकेत पडतो. ‘महावितरण’च्या बिलावर निवासी जोडणीपुढें ‘एलटी १’ आणि व्यापारी जोडणीपुढें ‘एलटी २’ असें लिहिलेलें असतें. येथील ‘एलटी’ म्हणजे लघुदाब. हीं दोन अक्षरें व एक आंकडा वाचण्याची तसदी फारच थोडे घेतात.

या चुकीचा भार कोणावर पडतो, हें पाहण्यासारखें आहे. निवासी दर पायऱ्यापायऱ्यांनीं चढतो. लहान दुकानाचा दर पहिल्या युनिटापासून एकच असतो. ३१ मार्च २०२३ च्या ‘महावितरण’विषयींच्या दर-आदेशांत पहिल्या १०० युनिटांचा निवासी दर लहान दुकानाच्या दराच्या जवळजवळ निम्मा होता, आणि दुकानाचा मासिक स्थिर आकार घराच्या तिपटीहून अधिक होता. उलट ३०० युनिटांवरील पायऱ्यांचा निवासी दर दुकानाच्या दरासही मागें टाकणारा होता. म्हणजे वातानुकूलित बंगल्यास ही चूक फारशी जाणवणार नाहीं, कदाचित् लाभदायकच ठरेल. जो काटकसरीनें ७०-८० युनिटांत संसार करतो, तोच तिच्याखालीं चिरडला जातो. शिवाय विद्युत शुल्कही व्यापारी वापरावर अधिक असतें.

घरांतून थोडाफार व्यवसाय केला म्हणजे घर दुकान होतें, ही समजूतही चुकीची होय. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर-आदेशांत वकील, डॉक्टर, अभियंते, हिशेबतपासनीस हे आपल्या राहत्या घरांत व्यवसाय करीत असल्यास त्या घरास निवासी दरच लावला आहे. रुग्णालय किंवा प्रसूतिगृह मात्र त्यांत बसत नाहीं. शिवणकाम करणाऱ्या किंवा डबे देणाऱ्या बाईनाही, मासिक वापर ३०० युनिटांच्या आणि मागील आर्थिक वर्षाचा वापर ३,६०० युनिटांच्या आंत असल्यास, हीच सवलत आहे. वर्ग आयोगानें ठरवावयाचे असतात. कंपनीला स्वतःच्या मनानें नवा वर्ग निर्माण करतां येत नाहीं. अर्थात् घराचें अतिथिगृह करून घरगुती दर मागणाऱ्यास आधार नाहीं. दिल्लींतील अशा एका प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं तो दावा मान्य केला नाहीं.

चूक उमगल्यावर प्रथम वर्ग बदलण्याचा लेखी अर्ज द्यावा, त्याची पोंच घ्यावी, आणि सोबत शिधापत्रिका, निवासी आकारणीची घरपट्टीची पावती, सोसायटीचें पत्र असे पुरावे जोडावे. जागेची पाहणी करण्याचीही मागणी करावी. मात्र पुढील महिन्यापासून दर सुधारला एवढ्यावर समाधान मानण्याचें कारण नाहीं. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६२ (६) प्रमाणें ठरलेल्या दराहून अधिक घेतलेली रक्कम बँक-दराइतक्या व्याजासह परत मागतां येते. कंपनी दाद देत नसल्यास वीज ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याचा निर्णय न पटल्यास ६० दिवसांच्या आंत विद्युत लोकपाल, असा मार्ग आहे. मंचाकडे तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांत गेलें पाहिजे. भिडेखातर थांबणाऱ्याचे पैसे येथेंच बुडतात.

वाद चालू असतां वीज तोडली जाईल ही धास्ती बहुतेकांना गप्प बसविते. परंतु कलम ५६ अन्वयें १५ दिवसांची लेखी सूचना दिल्यावांचून थकबाकीसाठीं पुरवठा तोडतां येत नाहीं. आणि मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकीं कमी असेल ती, निषेध नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा चालू ठेवावा लागतो.

हातीं आलेला कागद कलम १२६ खालचा असेल तर मात्र वाट निराळी आहे. मंजूर कारणाहून भिन्न कारणासाठीं वीज वापरल्याचा तो आरोप असतो. त्याची आकारणी दुप्पट दरानें होते, आणि तो वापर केव्हांपासून चालू आहे हें ठरवितां न आल्यास ती मागील १२ महिन्यांपुरती असते. अशी तक्रार मंच ऐकत नाहीं. आधीं आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढें आक्षेप मांडावे लागतात, आणि त्याच्या अंतिम आदेशावर ३० दिवसांत, निम्मी रक्कम भरून, अपील करावें लागतें.

चूक उलट बाजूनेंही होते. राजस्थानांतील एका ग्राहकास २००९ ते २०११ या काळांत चुकीच्या संकेतामुळें कमी दराचीं बिलें गेलीं, आणि कंपनीनें २०१४ सालीं फरक मागितला. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निर्णय दिला, कीं अशी मागणी दोन वर्षांनंतरही करतां येईल. परंतु तिच्या वसुलीसाठीं वीज तोडतां येणार नाहीं.