मोटार ग्राहकाची, किल्ली कंपनीची

पेट्रोलचे दर वाढू लागले की मध्यमवर्गीय कुटुंबात हिशेबाची वही बाहेर निघते. महिन्याला धाव किती, लिटरला किलोमीटर किती, वर्षाकाठी वाचणार किती. हायब्रिड मोटार घेण्याचा निर्णय बहुधा या वहीवरच होतो. साध्या मोटारीपेक्षा काही लाख रुपये अधिक मोजावयाचे आणि ते पुढील काही वर्षांत इंधनाच्या बचतीतून परत मिळवावयाचे, असा हा व्यवहार असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही उपभोग्य वस्तूची खरेदी कमी आणि गुंतवणूक अधिक. अशी मोटार वरचेवर बंद पडू लागली, महिन्यातले पंधरा दिवस डीलरच्या वर्कशॉपमध्ये मुक्काम करू लागली, म्हणजे मालकाचा जो संताप होतो त्याचे मूळ या वहीत आहे. गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता उभा राहत नाही.

हे यंत्र मुळातच टाकाऊ आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटाची प्रियस बाजारात आली, तेव्हापासून अशा लक्षावधी गाड्या जगभर धावल्या. कित्येक शहरांत टॅक्सीवाल्यांनी त्या आपणहून पसंत केल्या, आणि टॅक्सीवाल्याइतका निर्दय परीक्षक मोटारीला दुसरा मिळणार नाही. मात्र त्याच कंपनीला फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे १९ लाख प्रियस आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुमारे २४ लाख हायब्रिड गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, हेही तितकेच खरे. दोन्ही वेळा चालती गाडी बंद पडण्याचा धोका होता आणि दोन्ही वेळा उपाय होता तो संगणकीय आज्ञावली बदलण्याचा. हायब्रिड गाड्या सरासरीने विश्वासू आहेत हे मान्य केले, तरी ज्याच्या दारातली गाडी सरासरीबाहेर पडली त्याला त्या सरासरीचे सांत्वन फारसे उपयोगी पडत नाही.

या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते, विजेची मोटर असते, ब्रेक लावताना एरवी वाया जाणारी शक्ती साठवणारी उच्च दाबाची बॅटरी असते, त्या बॅटरीतील डी. सी. विजेचे ए. सी. विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर असतो आणि या सर्वांवर हुकमत चालविणारे संगणक असतात. शिवाय साध्या मोटारीत असते तशी बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते. ती उतरली तर संगणकच जागे होत नाहीत. मोठ्या बॅटरीत वीज शिल्लक असूनही गाडी जागची हलत नाही. इतर बिघाडांत समोरच्या फलकावर एक दिवा लागतो. काही तरी बिघडले आहे एवढेच तो सांगतो. काय बिघडले ते कळण्यासाठी डीलरकडचे यंत्र जोडावे लागते. त्या यंत्रावर उमटणारा सांकेतिक क्रमांक मालकाला दाखविला जाईलच असे नाही, आणि दाखविला तरी त्याचा अर्थ सांगणारा माणूस पुन्हा डीलरचाच.

फियाट आणि अँबॅसडरच्या काळातही मोटारी बंद पडत; आजच्यापेक्षा अधिकच पडत. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि विक्रेत्याची मिजास सोसावी लागे. पण वाहन एकदा दारात आले म्हणजे त्या मिजाशीतून सुटका होई. नाक्यावरचा मेकॅनिक कार्बोरेटर उघडून साफ करी, मालक शेजारी उभा राहून पाही. एकाचे काम पसंत पडले नाही तर पुढच्या नाक्यावर दुसरा असे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जिला स्पर्धा म्हणतात ती त्या काळी विक्रीत नव्हती, दुरुस्तीत होती. हायब्रिड गाडीने हे चित्र नेमके उलटे केले आहे. विकत घेण्यापूर्वी दहा शोरूम चहा पाजतात. विकत घेतल्यावर दार एकच उरते. शेकडो व्होल्टची बॅटरी अप्रशिक्षित हाताने उघडणे जिवावर बेतू शकते, हे मान्य. पण प्रशिक्षणाची गरज ही एक गोष्ट आणि माहितीची अडवणूक ही दुसरी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग व दोष शोधण्याची साधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांपासून दूर ठेवल्याबद्दल. पुढे अपिलात काहींचा दंड घटला. नाक्यावरच्या मेकॅनिकच्या हाती ती साधने आली, असे मात्र सर्वसाधारणपणे दिसत नाही.

अमेरिकेतील एक प्रकरण या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील एका महिलेकडे २००६ ची होंडा सिव्हिक हायब्रिड होती. गॅलनला सुमारे ५० मैल, म्हणजे लिटरला २१ किलोमीटर, असे जाहिरातीत म्हटलेले. बॅटरी अधिक टिकावी म्हणून कंपनीने २०१० मध्ये आज्ञावली बदलली आणि त्यानंतर गाडी गॅलनला ३० मैलांच्या आसपास घसरली, अशी या बाईंची तक्रार होती. सामुदायिक दाव्यातील तडजोडीत सुमारे दोन लाख मालकांना रोख रक्कम देऊ केली गेली ती माणशी शंभर-दोनशे डॉलरची; बाकी भरपाई त्याच कंपनीची नवी मोटार घेतल्यास मिळणाऱ्या सवलतीच्या रूपात. बाई पूर्वाश्रमीच्या वकील. त्यांनी तडजोड नाकारली आणि जेथे वकील उभा करता येत नाही अशा लघुवाद न्यायालयात स्वतः बाजू मांडली. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांना ९,८६७ डॉलर मंजूर झाले. मे महिन्यात अपिलात तो निकाल फिरला. निकाल बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. विक्री पूर्ण होऊन चार वर्षे लोटल्यावरही कंपनी त्या वस्तूचे गुणधर्म बदलू शकत होती. घर विकल्यानंतर बिल्डरने येऊन खिडक्यांची रुंदी बदलावी, तसाच हा प्रकार.

आल्बर्ट हर्षमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये असे मांडले की माल वा सेवा ढासळली म्हणजे ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. जाणे सोपे असेल तेथे उत्पादक धास्तावून सुधारतो. हायब्रिडच्या मालकाला जाणे सोपे नाही. त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले होते की जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही संशयाचाच भाव देतो. जेथे बॅटरीची खरी प्रकृती बाहेरून कळतच नाही, तेथे हा संशय दुप्पट. तेव्हा मालकाच्या हाती उरतो तो आवाज, आणि तो पोहोचतो डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर बसलेल्या तरुणापर्यंत. त्याच्या हाती ना सुटा भाग असतो, ना निर्णय.

भारतात तो आवाज कायद्याच्या दारी नेला तर काय होते? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसाला स्वस्त न्यायाचे दार उघडून दिले, हे त्या कायद्याचे ऋण कोणीही मान्य करील. पण वॉरंटीने सदोष भाग बदलून देण्याचीच जबाबदारी येते, गाडी बदलून देण्याची नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात म्हटले. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ ची म्हणून २००९ ची गाडी मिळाली होती. तेथे फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने उत्पादकाला मोकळे केले, कारण डीलर हा त्याचा हस्तक नसून स्वतंत्र व्यापारी होता. शोरूमच्या पाटीवर कंपनीचे नाव हातभर मोठे असते, ग्राहक त्या नावावर विसंबून पैसे भरतो, आणि करारातले हे स्वातंत्र्य त्याला समजते ते न्यायालयात. २०१९ च्या नव्या कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले, तेव्हा पुष्कळांच्या आशा पल्लवित झाल्या. परंतु त्या प्रकरणासाठी ‘हानी’ची जी व्याख्या केली आहे तिच्यातून खुद्द उत्पादनाला झालेली हानी वगळलेली आहे. सदोष मोटारीने कोणी जखमी झाला तर ते प्रकरण उपयोगी. मोटार नुसतीच निकामी राहिली तर पुन्हा जुनाच मार्ग, म्हणजे दोष कारखान्यातलाच आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करण्याचा. तज्ज्ञ आणावयाचा कोठून? या गाडीचे अंतरंग जाणणारे बहुतेक लोक कंपनीच्या किंवा डीलरच्याच पगारावर असतात. तक्रार तीन महिन्यांत, चाचणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. आयोगाच्या पायऱ्या चढलेल्यांचा अनुभव पुष्कळदा वेगळा आहे.

अमेरिकेत निकामी निघालेल्या मोटारीला बोलीभाषेत ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात. कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये अशा मोटारींविषयी कायदा केला आणि इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. त्यांचे सूत्र साधारणतः असे, की ठराविक मुदतीत एकाच दोषासाठी तीन-चार वेळा दुरुस्ती करूनही तो गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये राहिली, तर ती सदोष असल्याचे गृहीत धरावयाचे आणि पैसे किंवा नवी गाडी द्यावयाची. या सूत्राचे सामर्थ्य त्याच्या अडाणीपणात आहे. इन्व्हर्टर बिघडला की आज्ञावली, हे मालकाला कळावे लागत नाही. त्याला दिवस मोजता आले म्हणजे पुरे.

असा कायदा येथे केल्यास गाड्या महागतील, भेसळीचे पेट्रोल आणि रस्त्यांचे खड्डे यांचे पापही कंपन्यांच्या माथी येईल, असा आक्षेप घेतला जाईल. पहिला भाग खरा आहे. खर्च सर्व ग्राहकांत थोडा थोडा वाटला जाईल. आज तो एकट्या दुर्दैवी ग्राहकाच्या डोक्यावर पडतो, एवढाच फरक. दुसऱ्या भागाचे उत्तर असे, की भेसळ वा गैरवापर सिद्ध करण्याची साधने कंपनीजवळ आहेत, ग्राहकाजवळ नाहीत. तेव्हा सिद्धतेचा भार साधने असणाऱ्यानेच वाहावा.

अडचण येईल ती अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या जागी. दिवस आणि खेपा मोजावयाच्या तर त्यांची नोंद हवी, आणि ती नोंद म्हणजे डीलरचे जॉबकार्ड. रस्त्यात तीनदा बंद पडलेली गाडी वर्कशॉपमध्ये नेली की ती सुतासारखी चालते, आणि जॉबकार्डवर शेरा पडतो : ‘तपासले, दोष आढळला नाही.’ अशी खेप दुरुस्तीचा एक प्रयत्न म्हणून मोजावयाची की नाही, आणि सुट्या भागाची वाट पाहत गाडी मालकाच्याच दारात उभी राहिली तर ते दिवस कोणाच्या खात्यावर, हे मसुद्यातच स्पष्ट लिहावे लागेल.